बाजारात बारा महिने दिसणारी मिरची शेतात नेमकी कधी पिकते?

ऑक्टोबर महिन्यात कोथिंबिरीची जुडी घेतली की भाजीवाली मावशी मूठभर हिरव्या मिरच्या न मागताच पिशवीत टाकते. मे महिन्याच्या शेवटी त्याच मावशीला "वरून दोन मिरच्या टाका" म्हणून बघा. मिरचीचे पैसे वेगळे द्यावे लागतील.

बाजारात मिरचीच नाही असा दिवस वर्षात सहसा येत नाही. भाव मात्र सतत वरखाली होत असतो. एखाद्या वर्षी शेतकरी मिरचीच्या उभ्या पिकात जनावरं सोडतो, तर काही महिन्यांनी तीच मिरची पावशेर घ्यायची की छटाक, याचा विचार ग्राहकाला करावा लागतो. मिरची बाराही महिने मिळत असेल तर असं का होतं?

याचं थोडक्यात उत्तर असं की मिरची बाराही महिने मिळते, पण एकाच शेतातून नाही. प्रत्येक हंगामात वेगळा भाग, वेगळी लागवड आणि वेगळा शेतकरी बाजार भरत असतो. आपल्याला फक्त ढीग दिसतो. तो कुठून आला, कधी लावला होता आणि कोणी कोणती जोखीम घेतली, हे दिसत नाही.

हे समजून घेण्यासाठी यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातलं फुलसावंगी हे गाव उदाहरण म्हणून घेऊया.

फुलसावंगीच का?

महागाव तालुका पैनगंगेच्या खोऱ्यात येतो. शेजारी उमरखेड, पुसद आणि नांदेड जिल्ह्यातलं माहूर. जमीन काळी, मुख्य पिकं कापूस, सोयाबीन आणि तूर. ज्यांच्याकडे विहीर, बोअर किंवा कालव्याचं पाणी आहे ते हरभरा, गहू, ऊस, हळद आणि भाजीपाला घेतात. म्हणजे एकाच शिवारात कोरडवाहू वावर आणि ओलिताचं वावर शेजारी-शेजारी असतात.

यवतमाळ जिल्ह्याचं नाव महाराष्ट्राला कापसामुळे आणि शेतकरी आत्महत्यांमुळे माहीत आहे. कापसाचा पैसा दिवाळीच्या आसपास यायला लागतो आणि काही महिन्यांत संपतो. मिरचीचं तसं नाही. ती एकदा सुरू झाली की दर आठ-दहा दिवसांनी तोडा निघतो आणि हातात रोख पैसा येतो. त्यामुळे कापसाच्या जोडीला अर्धा-एक एकर मिरची लावण्याचा विचार अशा भागात अनेक जण करतात.

इथला पहिला प्रश्न "मिरची येईल का?" असा नसतो. काळ्या जमिनीत पाण्याचा निचरा नीट केला तर मिरची येते. खरा प्रश्न असतो, ती तोडायला कोणत्या महिन्यात येईल आणि त्याच महिन्यात आणखी किती जणांची येईल?

मिरचीचं झाड वागतं कसं?

मिरची मूळची आपली नाही. ती अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती गोव्याच्या किनाऱ्यावर आणली आणि तिथून ती देशभर पसरली. त्याआधी आपल्याकडे तिखटपणासाठी काळी मिरी वापरली जायची. "मिरची" हे नावही त्या मिरीवरूनच आलं.

निसर्गतः मिरचीचं झाड बहुवर्षायू असतं. परसातलं एखादं झाड दोन-तीन वर्षं मिरच्या देतं ते त्यामुळेच. व्यावसायिक शेतीत मात्र सहा ते आठ महिन्यांत झाड काढून टाकतात. पहिल्या काही तोड्यांनंतर उत्पादन घटतं, मिरची आखूड येते आणि झाडावर रोग साचत जातात. त्यामुळे जुनं झाड जपण्यापेक्षा नवी लागवड परवडते.

या झाडाला २० ते ३० अंश तापमान मानवतं. पारा ३५ अंशांच्या पुढे गेला आणि रात्रीही गारवा मिळाला नाही, तर फुलं गळायला लागतात. फूल गळलं की मिरची लागत नाही. थंडी जास्त पडली तर झाड मरत नाही, पण वाढ मंदावते आणि तोडे लांबतात. पावसाळ्यात वावरात पाणी साचलं तर मुळं कुजतात आणि उभं झाड वाळतं. काळ्या जमिनीत हा धोका जास्त असतो. म्हणूनच जाणकार शेतकरी मिरची सपाट जमिनीत न लावता उंच गादीवाफ्यावर लावतात.

आता हे यवतमाळच्या हवामानाशी ताडून बघा. इथे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो. जुलै-ऑगस्टमध्ये कधी सलग आठवडाभर झड लागते. म्हणजे ज्या महिन्यांत मिरचीला भाव असतो, नेमके तेच महिने झाडासाठी सगळ्यात अवघड असतात.

लागवडीचे हंगाम किती?

महाराष्ट्रात मिरचीचे ढोबळमानाने चार हंगाम धरता येतात.

खरीप: मे-जूनमध्ये रोपवाटिकेत बी टाकायचं, जून-जुलैमध्ये रोपं लावायची. लावणीनंतर साधारण ६० ते ७५ दिवसांनी हिरव्या मिरचीचा पहिला तोडा येतो. म्हणजे ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरमध्ये मिरची सुरू होते आणि डिसेंबर-जानेवारीपर्यंत चालते. पाऊस साथीला असल्यामुळे ही लागवड सगळ्यात जास्त शेतकऱ्यांच्या आवाक्यात असते.

रब्बी: सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावण. थंडीमुळे वाढ हळू होते. तोडे जानेवारीच्या आसपास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत जातात. यासाठी ओलिताची सोय लागतेच.

उन्हाळी: डिसेंबर-जानेवारीत रोपं तयार करायची, जानेवारी-फेब्रुवारीत लावायची. मिरची एप्रिल ते जूनमध्ये मिळते. विहिरीला मे महिन्यापर्यंत पाणी टिकेल याची खात्री असणाऱ्यालाच हे जमतं.

अगाप पावसाळी: ऐन एप्रिल-मेच्या उन्हात ठिबक आणि मल्चिंगवर रोपं जगवायची, म्हणजे जुलैमध्ये खरिपाच्या आधी मिरची बाजारात जाते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातला सिल्लोड आणि जालना जिल्ह्यातला भोकरदन हा पट्टा यासाठी ओळखला जातो. भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार याच मालावर उभा आहे.

मग बाजारात कोणत्या महिन्यात काय होतं?

वरचे चार हंगाम एकावर एक ठेवले की भावाचं कोडं बऱ्यापैकी सुटतं.

- सप्टेंबर ते नोव्हेंबर: खरिपाची मिरची सगळीकडून एकदम येते. आवक भरपूर, भाव कमी. मावशी फुकट मिरची देते ती याच काळात.
- डिसेंबर ते फेब्रुवारी: खरिपाची झाडं थकतात, त्यांच्यावर उरलेली मिरची लाल व्हायला सोडतात. रब्बीची हिरवी मिरची हळूहळू सुरू होते. भाव मधल्यामध्ये राहतात.
- मार्च: रब्बीची मिरची भरात. वाळलेल्या लाल मिरचीचा हंगामही जोरात.
- एप्रिल ते जून: विहिरी आटतात, उन्हाने फुलं गळतात. मिरची कमी आणि लग्नसराईची मागणी जास्त. हिरवी मिरची महागण्याचा हा ठरलेला काळ.
- जुलै-ऑगस्ट: अगाप लागवडीचा माल येतो, पण झड लागली की तोडणी थांबते. भिजलेली मिरची पोत्यात तापते आणि सडते. त्यामुळे या दोन महिन्यांत भाव आठवड्या-आठवड्याला बदलतो.

दरवर्षी अगदी असंच घडेल असं नाही. एखाद्या वर्षी खरिपात अतिवृष्टी झाली तर ऑक्टोबरमध्येही मिरची महाग होते. आदल्या वर्षी उन्हाळी मिरचीला चांगला भाव मिळाला तर पुढच्या वर्षी सगळेच ती लावतात आणि मे महिन्यातच भाव पडतो. मागच्या वर्षीचा भाव बघून यंदाची लागवड ठरवणं, हा मिरचीच्या शेतीतला सगळ्यात जुना आणि सगळ्यात महागात पडणारा हिशोब आहे.

मिरची साठवून ठेवता येत नाही का?

हिरवी मिरची फार दिवस ठेवता येत नाही. साध्या हवेत ती काही दिवसांत सुरकुतते. ७ ते १० अंश तापमानात आणि पुरेशा ओलाव्यात ती दोन-तीन आठवडे टिकते. त्याहून जास्त थंड केली तर तिच्यावर डाग पडतात आणि ती मऊ होते. त्यामुळे कांद्यासारखी चाळीत भरून भावाची वाट बघायची सोय इथे नाही.

दुसरी अडचण झाडावरची. तोडणी लांबवली तर मिरची लाल व्हायला लागते आणि झाडाचा जोर त्या फळांवर जातो. नवीन फुलं कमी धरतात. म्हणजे आजचा तोडा चुकवला तर पुढचा तोडाही घटतो. भाव असो वा नसो, हिरवी मिरची विकायची असेल तर ती तोडावीच लागते.

तोडणीचा हिशोब

हिरव्या मिरचीच्या शेतीत सगळ्यात मोठा रोजचा खर्च मजुरीचा असतो. एक साधं उदाहरण बघू. समजा एका मजुराने दिवसभरात ४० किलो मिरची तोडली आणि मजुरी ३०० रुपये आहे. म्हणजे किलोमागे साडेसात रुपये नुसत्या तोडणीचे झाले. त्यात पोतं, गाडीभाडं आणि हमाली धरली की खर्च ११-१२ रुपयांवर जातो.

बाजारात १५ रुपये भाव मिळाला तर हातात तीन-चार रुपये उरतात. त्यातून रोपं, खत, औषधं, ठिबक आणि मल्चिंगचा खर्च काढायचा असतो. भाव १० रुपये मिळाला तर प्रत्येक किलो खिशातून पैसे घालून विकावा लागतो. शेतकरी उभ्या पिकात जनावरं सोडतो किंवा रोटाव्हेटर फिरवतो, त्यामागे हे साधं गणित असतं. त्यात पीक वाईट आलेलं असतंच असं नाही. कधी कधी पीक उत्तम आलेलं असतं.

फुलसावंगीसारख्या भागात यात आणखी एक गाठ आहे. खरिपाची मिरची सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरात येते, तेव्हाच सोयाबीनची सोंगणी सुरू असते. ती संपते न संपते तोच कापसाची वेचणी सुरू होते. तिन्ही कामांना मजूर तेच, आणि मिरची व कापसाच्या कामात तर मुख्यतः गावातल्या बायाच असतात. मजूर मिळाले नाहीत तर दहा दिवसांचा तोडा पंधरा दिवसांवर जातो. कापूस बोंडात थोडे दिवस थांबू शकतो, हिरवी मिरची थांबत नाही.

मग बाजाराचा प्रश्न येतो. नागपूर-तुळजापूर राष्ट्रीय महामार्ग महागाववरून जातो, त्यामुळे रस्ता आहे. पण नागपूरची मोठी बाजारपेठ दोनशे किलोमीटरहून दूर आहे. एकट्या शेतकऱ्याच्या पाच-सात पोत्यांसाठी एवढी गाडी परवडत नाही. गावातल्या दहा-पंधरा जणांची मिरची एकाच दिवशी निघाली तर गाडी भरते. नाहीतर आठवडी बाजार किंवा जवळचा व्यापारी हाच पर्याय उरतो आणि भावही तोच ठरवतो.

अमरावती जिल्ह्यात वरुड तालुक्यातल्या राजुरा बाजारला हाच मुद्दा उलट बाजूने दिसतो. तिथला हिरव्या मिरचीचा बाजार रात्री भरतो. दिवसभर तोडलेली मिरची संध्याकाळी येते, रात्री सौदे होतात आणि गाड्या बाहेरच्या शहरांकडे निघतात. आजूबाजूच्या अनेक गावांत मिरची असल्यामुळे व्यापारी स्वतः तिथे येतात. म्हणजे मिरची कशी पिकते याइतकंच ती किती शेजाऱ्यांनी मिळून पिकवली आहे, यावर भाव ठरतो.

हिरवी विकायची की लाल होऊ द्यायची?

हिरवी आणि लाल मिरची ही वेगवेगळी झाडं नाहीत. हिरवी मिरची झाडावर पिकू दिली की लाल होते. काही जाती हिरव्यासाठी चांगल्या, काही वाळवण्यासाठी. पुसा ज्वाला हिरव्या मिरचीसाठी देशभर पोहोचलेली जात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले ज्योती झुबक्याने मिरच्या देते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जयंती आणि परभणीच्या विद्यापीठाची परभणी तेजस या जातीही ओळखीच्या आहेत. मोठ्या बाजारासाठी लावणारे बहुतेक शेतकरी आता खासगी कंपन्यांची संकरित रोपं घेतात.

भाव पडला की "लाल होऊ दे, वाळवून विकू" हा विचार सहज येतो. पण त्यातही हिशोब आहे. पिकलेल्या लाल मिरचीत ६५ ते ८० टक्के पाणी असतं. वाळवून ते १० टक्क्यांच्या आसपास आणावं लागतं. त्यामुळे चार किलो ओल्या लाल मिरचीतून साधारण एक ते सव्वा किलो वाळलेली मिरची मिळते. ओली मिरची ४० रुपये किलोने विकली जात असेल, तर वाळलेली १३०-१६० रुपयांच्या वर गेल्याशिवाय वाळवण्याचे कष्ट वसूल होत नाहीत.

वाळवायला ८ ते १५ दिवसांचं कडक ऊन लागतं. त्या दिवसांत एक अवकाळी सर आली की मिरची काळी-पांढरी पडते, तिला बुरशी लागते. अशा बुरशीतून तयार होणारं अफ्लाटॉक्सिन आरोग्याला घातक असतं आणि त्यामुळे निर्यातीचा मालही नाकारला जातो.

नंदुरबारमध्ये हे चित्र दरवर्षी दिसतं. तिथे शेतकरी ओली लाल मिरची बाजार समितीत विकतो आणि व्यापारी ती मोकळ्या मैदानांवर पसरून वाळवतात. या मैदानांना तिथे पथारी म्हणतात. लांबून बघितलं तर जमिनीवर लाल चादर टाकल्यासारखं दिसतं. सोशल मीडियावर फिरणारे ते ड्रोनचे फोटो याच पथाऱ्यांचे असतात. अवकाळी पाऊस आला की त्याच पथारीवर ताडपत्री टाकण्याची धावपळ सुरू होते.

विदर्भाचं लाल मिरचीशी नातं

विदर्भात लाल मिरचीच्या पुडीला सरळ तिखट म्हणतात. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरची मिरची तर भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहे. रंग आणि तिखटपणा या दोन्हींसाठी ती नावाजलेली. पण संकरित वाणांच्या तुलनेत उत्पादन कमी म्हणून तिचं क्षेत्र पूर्वीइतकं राहिलेलं नाही.

मिरचीभोवतीचं काम मात्र टिकून आहे. भिवापूर, कुही-मांढळ या भागात मिरचीचे सातरे असतात. सातरा म्हणजे जिथे बाया बसून वाळलेल्या मिरचीचे देठ काढतात ती जागा. मजुरी वजनावर मिळते. दिवसभर ठसका, डोळ्यांची आणि हातांची आग सहन करत हे काम चालतं. आपल्या घरात येणारी "बिनदेठाची" मिरची अनेकदा अशा हातांतून आलेली असते.

आणि चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांतले हजारो मजूर दर हिवाळ्यात तेलंगणात मिरची तोडायला जातात. तिथे लाल मिरचीचं क्षेत्र मोठं, आणि इथे धान कापणीनंतर काम नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हे मजूर तिथे अडकले आणि अनेकांनी जंगलवाटेने पायी घर गाठलं. मिरचीच्या हंगामावर किती माणसं अवलंबून आहेत, ते तेव्हा शहरातल्या लोकांना पहिल्यांदा दिसलं.

लाल मिरचीचा भाव कुठे ठरतो?

भारत वाळलेल्या मिरचीचा जगातला सगळ्यात मोठा उत्पादक आहे. देशात आंध्र प्रदेश, तेलंगणा, मध्य प्रदेश आणि कर्नाटक ही आघाडीची राज्यं. आंध्रमधलं गुंटूर हा सगळ्यात मोठा बाजार. आपल्या निर्यात होणाऱ्या मसाल्यांमध्ये मिरची पहिल्या क्रमांकावर आहे आणि चीन हा मोठा गिऱ्हाईक. त्यामुळे विदर्भातल्या लाल मिरचीचा भावही बऱ्याच अंशी गुंटूरकडे बघून ठरतो.

लाल मिरची शीतगृहात महिनोन् महिने राहते. गुंटूरच्या परिसरात अशी शंभराहून जास्त शीतगृहं आहेत. याचा फायदा साठवणाऱ्याला होतो, पण मागच्या वर्षीचा माल शिल्लक राहिला तर नवीन मिरची यायच्या आधीच भाव दबलेला असतो.

मिरचीला हमीभाव नाही. केंद्र सरकार ज्या २२ पिकांचा हमीभाव जाहीर करतं, त्यात कापूस, सोयाबीन, तूर आहेत, मिरची नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत गुंटूरमध्ये भाव कोसळले तेव्हा केंद्राला आंध्र प्रदेशसाठी वेगळी बाजार हस्तक्षेप योजना मंजूर करावी लागली. क्विंटलला ११,७८१ रुपये दर आणि २ लाख ५८ हजार टनांची मर्यादा ठरली. फुलसावंगीच्या शेतकऱ्यासाठी फरक इथेच आहे. कापसाला भाव मिळाला नाही तर निदान हमीभावाची मागणी करता येते. मिरचीला तो आधारच नाही.

रोग, फवारणी आणि त्याची किंमत

मिरचीचा सगळ्यात ओळखीचा शत्रू म्हणजे चुरडा-मुरडा, काही ठिकाणी त्याला बोकड्या म्हणतात. पानं आकसतात, वळतात, झाड खुजं राहतं. हे फुलकिडे आणि कोळी यांच्या रस शोषण्याने होतं, आणि पांढऱ्या माशीतून पसरणाऱ्या विषाणूमुळेही होतं. विषाणू एकदा झाडात शिरला की त्यावर औषध नाही. झाड उपटून टाकावं लागतं.

२०२१-२२ च्या हंगामात आंध्र आणि तेलंगणात काळ्या फुलकिड्यांनी मिरचीच्या फुलांवरच हल्ला केला आणि प्रचंड नुकसान झालं. ही परदेशातून आलेली जात भारतात पहिल्यांदा २०१५ मध्ये बंगळुरूजवळ पपईवर नोंदली गेली होती. सहा-सात वर्षांत ती मिरचीचं मोठं संकट झाली.

या भीतीने शेतकरी दर आठवड्याला फवारतो, अनेकदा दोन-तीन औषधं एकत्र करून. यवतमाळ जिल्ह्याला याचा धोका वेगळा सांगायला नको. २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला होता. मिरचीत फवारण्या कापसाइतक्याच किंवा जास्त होतात, आणि वर दर आठ-दहा दिवसांनी तोडणीही असते. फवारणी आणि तोडणी यात लेबलवर दिलेलं अंतर पाळलं नाही, तर औषधाचा अंश आधी तोडणाऱ्या बाईच्या हाताला लागतो आणि मग आपल्या ताटात येतो.

फवारणी कमी करायचे साधे उपाय कृषी विद्यापीठं बऱ्याच वर्षांपासून सांगत आली आहेत. रोपवाटिकेवर बारीक नायलॉन जाळी लावायची, म्हणजे पांढरी माशी रोपाच्या वयातच शिरत नाही. वावराच्या कडेने मक्याच्या दोन-तीन ओळी लावायच्या. पांढऱ्या माशीसाठी पिवळे आणि फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे लावायचे. चंदेरी मल्चिंग पेपरमुळे उजेड परावर्तित होऊन किडी कमी बसतात. रोगट झाड दिसलं की लगेच उपटायचं. यातलं काहीही रोग पूर्ण थांबवत नाही, पण फवारण्यांची संख्या कमी होते आणि खर्चही.

ग्राहक म्हणून कधी काय घ्यावं?

- वर्षभराचं तिखट करायचं असेल तर फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ चांगला. नवीन मिरची बाजारात असते आणि कडक उन्हात घरी पुन्हा वाळवता येते.
- मिरची हातात घेऊन वाकवा. चांगली वाळलेली मिरची हलवली की आतलं बी वाजतं. चिवट, ओलसर मिरची पुढे बुरशीला बळी पडते.
- लालभडक म्हणजे जास्त तिखट, हा समज चुकीचा. रंग आणि तिखटपणा वेगवेगळ्या घटकांमुळे येतो. ब्याडगी मिरची गडद लाल असते पण सौम्य. तिखटपणा देणारं कॅप्सेसिन बियांत नसून बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात तिथे तयार होतं.
- तयार तिखट घेतलं असेल तर पाण्याने भरलेल्या ग्लासात वरून चिमूटभर टाका. कृत्रिम रंग असेल तर खाली उतरताना रंगाच्या रेघा सुटतात.
- सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये हिरवी मिरची स्वस्त असते. ठेचा, लोणचं, मिरचीचं सारण घालून वाळवलेली सांडगी मिरची हे सगळं करायचं असेल तर स्वस्त मिरचीचा उपयोग करून घ्या. सांडगी मिरचीला मात्र पाऊस संपल्यानंतरचं ऊन लागेल.

शेतकऱ्याने मग करायचं काय?

मिरचीत हमखास फायदा देणारा महिना कोणीच सांगू शकत नाही. पण जोखीम विभागता येते. सगळी लावण एकाच दिवशी करण्याऐवजी तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन टप्प्यांत केली, तर सगळा माल एकाच पडलेल्या बाजारात जात नाही. लावणीआधी तोडणीच्या महिन्यांत आपल्याच वावरातली दुसरी कोणती कामं येणार आहेत, हे मांडून बघता येतं. कापूस आणि सोयाबीन दोन्ही असतील तर खरिपाची मिरची घरच्या माणसांना तोडता येईल एवढीच ठेवणं शहाणपणाचं. उन्हाळी मिरची लावायची असेल तर जानेवारीत विहिरीची पातळी बघून एकर ठरवायचे, भाव बघून नाही.

आणि शेजाऱ्यांशी बोलून लावायचं. दहा जणांनी मिळून लावलेली अर्धा-अर्धा एकर मिरची एका गाडीत मावते आणि थेट मोठ्या बाजारात जाते. एकट्याने लावलेली पाच एकर मिरची, मजूर मिळाले नाहीत तर तोडायच्या आधीच वावरात लाल होते.